सईची उडी आणि मंचाची फरशी

गुरुवार, संध्याकाळ. बाग सेवनिया

सई बॅले शिकते. तिची उडी बघून लोकांचा श्वास अडकतो. मीच मंडळाच्या सभेत टेबल आपटून सांगितलं होतं, "माझी मुलगी गणपतीत याच मंचावर उडून दाखवील!" टाळ्या झाल्या. आज आम्ही दोघी तालमीला गेलो, तर मंचावर दगडी फरशी. तिच्या क्लासात लाकडी जमीन असते, पावलाखाली दबणारी. हे मला सुचलंच कसं नाही?

सेक्रेटरीकाका म्हणाले, "ताई, टेन्शन कशाला? दोन दऱ्या-सतरंज्या टाकू. भरतनाट्यम होतंच की इथे."

सई उडाली. सुंदरच. पण खाली आली तेव्हा नारळ आपटल्यासारखा आवाज झाला.

घरी घोट्यावर बर्फ धरून बसली. "थोडंसंच दुखतंय. आई, तू सबके सामने बोललीयस, आता माघार नको."

तो आवाज कानातून जात नाही. शब्द फिरवणाऱ्यांना मी आजवर भर सभेत सोलून काढलंय. आणि आता?

काकांना फोन करून कार्यक्रम रद्द केला. ते म्हणाले, "मग त्या वेळात तुमचं भाषण ठेवू?"

मी नको म्हणाले.

सईला अजून सांगितलेलं नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले.