क्राकूव ते लिस्बन, सायकलीसह

प्रिय यागोदाताईस, क्राकूवहून धाकट्या बोलेकचा नमस्कार.

तू, दुआर्तभावोजी आणि इनेश मजेत असाल अशी आशा आहे. भावोजींची पाठ आता कशी आहे? माझी मोडायच्या बेतात आहे, आणि त्याला कारण आपले तीर्थरूप. बाबांची स्वतःची तब्येत ठणठणीत आहे; त्यांच्यामुळे बिघडते ती इतरांची. आईच्या अंत्यविधीच्या वेळी तुझं आणि बाबांचं जे बिनसलं, त्यात मी कधी पडलो नाही आणि आजही पडणार नाही. हे पत्र फक्त रेल्वेबद्दल आहे.

चर्चमध्ये इनेशच्या पहिल्या कम्युनियनचा विधी मे महिन्यात आहे, हे बाबांना ल्युत्स्या आत्याकडून कळलं. (आत्याला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. माझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही, एवढंच लिहितो.) नातीच्या कम्युनियनला आजोबांनी सायकल द्यायची, हा आपल्याकडचा नेम तुला माहीत आहेच. दुसऱ्याच दिवशी लाल सायकल घरात आली. मी ती पार्सलने पाठवायची व्यवस्था बघायला लागलो, तर बाबांनी जाहीर केलं की सायकल ते स्वतः नेऊन देणार, आणि तीही रेल्वेने, कारण विमानात सामान आपटतात. लिस्बनमध्येही सायकली मिळतात, असं मी अगदी हळू आवाजात म्हणालो.

"दुकानातली सायकल काय, तिचा बापही आणेल," बाबा म्हणाले. "मग मी कशाला आहे?"

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरलेला आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. पहिल्या दिवशी बाबांनी नकाशावर पट्टी ठेवली, क्राकूवपासून लिस्बनपर्यंत सरळ रेघ मारली आणि म्हणाले, एवढंच तर आहे. ती रेघ आल्प्सच्या अंगावरून जाते हे दाखवल्यावर त्यांनी मलाच झापलं, जणू ते पर्वत मी मुद्दाम तिथे आणून ठेवले होते. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंनी व्हिएन्नापर्यंतचं तिकीट आनंदाने देऊ केलं. त्यापुढचं विचारल्यावर त्यांनी आधी बाबांकडे, मग सायकलीकडे पाहिलं (हो, सायकल दाखवायला नेली होती) आणि पाणी प्यायल्या. आमच्यामागची रांग काय काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

खरा वैताग पुढे आहे. एका देशात सायकल गाडीत आकड्याला टांगतात, दुसऱ्यात तिचं वेगळं आरक्षण लागतं, तिसऱ्यात चाकं काढून ती पिशवीत घालावी लागते आणि चौथ्यात ती पिशवी मोजून बघतात. नियमांचा जोर असाच वाढत गेला तर लिस्बनला उतरताना बाबांच्या हातात फक्त घंटी उरेल. त्यात माद्रिदहून लिस्बनला थेट गाडी नाही. दोन शेजारच्या राजधान्या, आणि मध्ये नकाशातही न सापडणाऱ्या फलाटांवर गाड्या बदलत बसायचं! बाबांना हे पटेना. थेट गाडी आहे आणि मी ती लपवतोय असं त्यांना वाटतं.

परवा रंगीत तालीम झाली. बाबांनी गालिच्यावर चाकं काढली, पिशवी भरली, उकडलेली अंडी आणि कटलेटं बांधून घेतली आणि आम्ही स्टेशनवर निघालो. जिन्यात चष्मा आठवला. (विसरलेलं घ्यायला परत आलं की खाली बसून दहा मोजल्याशिवाय निघायचं नाही, हे आईचं शास्त्र. ती होती तोवर बाबा त्याला हसायचे. आता डोळे मिटून मोजतात.) तेवढ्यात ट्राम गेली. मग चाकं परत बसवली, तर एक नट उरला. तो कुठला, हे अजून कळलेलं नाही.

असो. मी सुट्टी मागितली आहे, कारण त्यांना एकटं सोडायची माझी छाती नाही. भावोजींना नमस्कार, इनेशला गोड पापा.

तुझा वैतागलेला भाऊ,
बोलेक

ता. क. तिकिटं अजून काढलेली नाहीत. बाबा रोज नवी खोट काढतात. कधी गाडी फार पहाटेची, कधी डबा फार मागचा. काल शेवटी मीच चिडून विचारलं, तेव्हा नकाशाकडे बघत म्हणाले, "बोलावलंय कुणी आपल्याला? लेकीच्या दारात सायकल घेऊन तसाच उभा राहू? मी काय पोस्टमन आहे?" ताई, मी मध्ये पडणार नाही म्हणालो होतो. पडलो. त्यांना बोलावणं धाड. पाकिटावर त्यांचंच नाव घाल, माझं नको.

ता. क. २. आणि इनेशची उंची कळव. बाबांनी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती न वाकता टेबलाखालून जायची. तुला विचारायचं नाही म्हणून ते रोज सकाळी सायकलची सीट वर करतात आणि संध्याकाळी, बहुधा एवढी वाढली नसेल म्हणून, पुन्हा खाली करतात.