रॉसच्या बर्फावर माझी सही

नेपरव्हिल, गुरुवार, संध्याकाळ

सही केली नाही. बरोबरच केलं ना? मग जेवण का गेलं नाही?

रॉस, तो ऑस्ट्रेलियन प्रोड्यूसर. त्याला सिनेमासाठी गोठलेल्या तळ्यावरून ट्रक न्यायचाय, ड्रायव्हरसकट. बर्फ तेवढं वजन पेलेल, असं मी इंजिनिअर म्हणून लिहून द्यायचं होतं. सकाळी भोकं पाडून मोजलं. काठाला जाड, मध्ये पातळ. खालून पाणी वाहतंय.

तो बुटाची टाच बर्फावर आपटत म्हणाला, "ऐकलंस? दगड आहे दगड." मग सगळं करिअरच सांगत बसला. मेलबर्नमध्ये जाहिराती, मग वाळवंटातले पाठलागाचे सिनेमे, मग अमेरिका. इथे लागोपाठ दोन पडले. हा शेवटचा चान्स.

"तीस वर्षं प्रत्येक सिनेमात कुणीतरी मला अडवायला आलं. कधी काही झालं नाही."

"कधीच नाही?"

टाच थांबली. "एकदा," म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

त्या एकदा कुणाचं काय झालं, हे मी विचारायला हवं होतं. ती टाच अजून कानात वाजतेय.

आत्ता त्याच्या असिस्टंटचा फोन आला. दुसऱ्या कुणीतरी सही दिली, उद्या सातला शूटिंग. पोलिसांना कळवलं, तर म्हणाले, परमिट आहे, सही आहे.

नवरा, निखिल, म्हणाला, "तू तुझं काम केलंस यार. आता तिथे जाऊन काय करणार?"

"ट्रकपुढे उभी राहीन."

तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं पाचचा अलार्म लावला, स्वतःच्याही फोनवर.