साडेतीन तासांचं विमान

३ फेब्रुवारी
लेकीचा फोन. डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाची महिनाअखेरची तारीख दिलीय. म्हणाली, "आई आली तर बरं वाटेल, बाबा." आणि लगेच विषय बदलला. लग्न होऊन तिकडे गेल्यापासून पोरीने पहिल्यांदा काही मागितलं!

हिने भांडी घासता घासता सगळं ऐकलं. एकदा लिफ्टमध्ये अडकली होती, तेव्हापासून बंद जागा हिला सोसत नाही. न्हाणीघराची कडीसुद्धा लावत नाही, आत मोठ्याने गाणी म्हणते. विमान तर लांबच राहिलं.

४ फेब्रुवारी
सकाळी चहा देताना विचारलं, किती लांब आहे हो? म्हटलं, चार हजार किलोमीटर. किलोमीटर घेऊन काय करू, म्हणाली, दार किती वेळ बंद असतं ते सांगा. तीन-चार तास कशीबशी बसेन. त्याच्या वर नाही जमायचं.

दुकानात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला पट्टा उलटा बसवून दिला.

६ फेब्रुवारी
तिकिटं काढली. आणि एक लबाडी केली.

विमान इथून साडेअकराला सुटतं, तिकडे तीनला पोचतं. हिच्यापुढे तिकीट धरलं — "बघ, साडेतीन तास!" खरे सहा. तिकडची घड्याळं आपल्या अडीच तास मागे चालतात, एवढंच गाळलं. परतीच्या वेळांवर अंगठा ठेवला होता. तिथे साडेआठ तास दिसतात!

तिने चष्मा लावून तिकीट पाहिलं. मग मला पाहिलं. "तुम्ही म्हणताय ना साडेतीन? मग येते."

जन्मभर लोकांची घड्याळं लावून दिली, आणि बायकोला खोटी वेळ सांगितली. लाज वाटली. पण आनंद जास्त झाला.

११ फेब्रुवारी
बाळासाठी टोपडं विणायचं ठरलंय, तेही विमानातच. साडेतीन तासांत एक आरामात होईल, म्हणाली. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

स्वयंपाकघरातलं घड्याळ मागेच. घड्याळजीच्या घरात ही शोभा! दुरुस्त करतो म्हटलं की ठरलेलं उत्तर — माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको. लेक तिकडे गेल्यापासून हे असंच. हात लावू देत नाही.

१९ फेब्रुवारी
सांगून टाकावं का? तोंड उघडलंही. पण ही बॅगेत दुपटी भरत होती, एकेक गालाला लावून बघत होती. मीही बसून दुपट्यांच्या घड्या करू लागलो.

२० फेब्रुवारी, विमानतळावर
घर बंद करताना सगळ्या घड्याळांचे सेल काढायचे, ही माझी सवय. सेल पाझरला की यंत्र जातं. स्वयंपाकघरातलं शेवटी उतरवलं. यंत्र ठणठणीत! माझ्या मनगटावर साडेसात, त्यात बरोबर पाच.

लेकीकडे तेव्हा पाचच वाजले होते.

तिथेच खुर्चीवर बसलो. ही पिशवी घेऊन मागे उभी. "सहा तास आहेत ना, लोकर दोन टोपड्यांची घेतलीय," म्हणाली. "तुम्ही इतकं जीव तोडून खोटं बोललात, म्हटलं राहू दे. आणि त्याचा सेल काढू नका."

घड्याळ होतं तसं टांगलं. टॅक्सीचं दार तिनेच ओढून लावलं.