किटली धरलेला हात

डोंगरकडा
जानेवारी २००२

प्रिय निता,

काल आपला कॉलेजातला ओमप्रकाश आला होता. बाळापूरच्या बाजारातून सरळ इकडं, घामाघूम होऊन, सायकल आमच्या भिंतीला आपटून. तू वाशिमचं स्थळ परत पाठवलंस म्हणे. मास्तर पोरगा, घरचं चांगलं, आणि तू पाहुण्यांसमोर आलीच नाहीस. वडिलांना म्हणालीस, "ज्यानं माझ्यापायी हात भाजून घेतला, त्याला विचारल्याबिगर मी कुणाला हो म्हणणार न्हाई." तेव्हापासून घरात तुझ्याशी कोणी धड बोलत नाही. हे सगळं ओम्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. मी डावा हात पाण्याच्या घमेल्यात घालून बसलो होतो, तसाच बसून राहिलो. तो चिडला. "दगड हायस का बे तू? बोल की काहीतरी!" मला खरं तर काही वाटलंच नाही. तो गेल्यावर हाताला तेल लावलं आणि जेवायला बसलो. संक्रांत झाली की ते पाहुणे पुन्हा येणार आहेत असं तो म्हणाला. तू कशाच्या जोरावर नाही म्हणतेस, ते त्याआधी तुला माहीत पाहिजे.

हिंगोलीच्या डेपोमागचं ते चहाचं हॉटेल आठवतं ना? आपण दुसऱ्या वर्षाला होतो. त्या दिवशी मी वर्गात सरांशी भांडून, वही भिरकावून बाहेर आलो होतो आणि तू माझ्यावर तापली होतीस. म्हणालीस, "देवा, तुला नुसतं चिडता येतं. कुणासाठी जिवाला काही लावून घेतोस का तू?" माझं डोकं तुला माहीत आहे. स्टोव्हवरची किटली मी उचलली, कडीला उजवा हात आणि पोटाला डाव्या हाताची करंगळीकडची बाजू लावून, आणि तुझ्याकडं बघत धरून ठेवली. हॉटेलवाला ओरडला. कातडीचा वास आला. तू रडत विचारलंस, "दुखत न्हाई का रे?" मी म्हणालो, "तुझ्यासमोर न्हाई." कॉलेजभर ते वाक्य झालं. मला स्वतःलाही ते इतकं पटलं होतं की मी एकटा असताना आरशात बघून पुन्हा म्हणून पाहिलं होतं. निता, ते वाक्य खरंच होतं. हात दुखला नव्हता. फक्त तुझ्यासमोर म्हणून नाही, कुणासमोरच दुखला नसता.

हळद शिजवायचे दिवस आले तेव्हा मी सुट्टी काढून गावी आलो होतो. कढईवरचं ओलं पोतं वाफेनं तापलेलं, ते मी दोन्ही हातांनी ओढलं. उजवा हात चटका बसून मागं आला. डावा तिथंच राहिला. संध्याकाळी करंगळीला फुगा आलेला आईला दिसला, मला दिसला नव्हता. आमच्या गल्लीत रूपाबाई राहते, तिची बोटं झडलेली आहेत. लहानपणी आम्ही पोरं तिच्या दारावरून पळत जायचो. ती आपणहून आली आणि म्हणाली, "डोळे मीट, टोचते." मी मिटले. बराच वेळ गेला. मी वैतागलो, "टोच ना लवकर, मला काय कामं न्हाईत का?" ती म्हणाली, "बघ." करंगळीत बाभळीचा काटा उभा होता. रक्ताचा थेंबही आला होता.

दवाखान्यात सांगितलं, कुष्ठरोग. लिहिला एकदाचा शब्द. गोळ्यांनी जातो, वर्षभर घ्यायच्या म्हणाले. मी कॉलेजला परत आलो नाही ते त्यामुळं. बा मात्र घरी आल्यावर आईला म्हणाले, "पोरीच्या नादानं वाया गेलं म्हणून सांगायचं. पुजाचं लग्न व्हायचंय अजून." म्हणजे बहिणीचं लग्न अडू नये म्हणून तुझं-माझं प्रकरण गावभर कुणी केलं, तर माझ्या बापानं. पारावर बसून स्वतः कपाळ बडवून घ्यायचे. त्या गोळ्यांनी अंग काळवंडतं, मीही काळा पडलो, तर बाया म्हणायच्या, "हरिचंदाचं पोरगं पिरमात जळून कोळसा झालं." हाताला पट्टी दिसली की म्हणायच्या, तिच्या नावानं पुन्हा भाजून घेतलं. तेच फिरत फिरत बाळापूरला तुझ्यापर्यंत आलं असणार. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. मला ते बरं वाटायचं. रोगी म्हणवून घेण्यापेक्षा वेडा म्हणवून घेणं आमच्या घरात सगळ्यांनाच परवडत होतं.

गोळ्या संपल्या. मला वाटलं, आता हात परत येईल. दवाखान्याकडून किसनसिंग येतात, त्यांनी सांगितलं की रोग गेला, आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही, पण जे बधिर झालं ते तसंच राहील. उरलेलं सांभाळायचं काम आता दवाखान्याचं नाही, तुझं, तुझ्या घरी, रोजचं. साध्या पाण्यात हात भिजवायचा. मऊ पडला की घट्टे दगडानं हळू घासायचे, ओला आहे तोवर तेल लावायचं. मग उजेडात धरून बघायचं, कुठं चीर, कुठं फोड. कातडी सांगत नाही ते डोळ्यांनी विचारून घ्यायचं. चहाचा पेला फडक्यानं धरायचा. झोपताना हाताला कापड गुंडाळायचं, कारण उंदरानं कुरतडलं तरी कळत नाही. हे मरेपर्यंत? मी विचारलं. ते म्हणाले, "आंघोळ करतोस ना मरेपर्यंत?" मी घमेलं उचललं आणि अंगणात भिरकावलं. रूपाबाई तिथंच होती. ती म्हणाली, "फेक की. मीबी फेकलं व्हतं. तवा फेकायला बोटं व्हती मला." मी जाऊन घमेलं उचलून आणलं.

आता दर गुरुवारी तिच्या ओट्यावर आम्ही तिघं बसतो, ती, मी आणि ग्यानबा. ग्यानबाचे तळपाय बधिर आहेत, त्याला तळवा दिसावा म्हणून मी आरसा धरतो. तो दर खेपेला एकच टोमणा मारतो, "कॉलेजात बाकावर टिकला न्हाई, आता घमेल्यापुढं बस." एकमेकांचे हातपाय बघतो, कुणी आठवडाभर आळस केला असेल तर रूपाबाई त्याच्या सात पिढ्या काढते. माझी करंगळी थोडी वाकली आहे, मांडीवर ठेवून दाबत राहतो. दिवस जातात. हसतो मी त्यांच्यात, पण ते हसणं मला लांबून ऐकू येतं. गेल्या गुरुवारी लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मी कुणावर चिडलो नाही. ते बरं लक्षण आहे का, कुणाला विचारू?

एक गोष्ट मात्र मी ओट्यावरही बोललो नाही. किटलीनंतर तू तुझा हातरुमाल माझ्या हाताला बांधला होतास. करंगळीला धरून गाठ मारलीस, आणि मग ती करंगळी बराच वेळ सोडली नाहीस. ते मी बघत होतो, निता. नुसतं बघत होतो. तू पहिल्यांदा माझा हात धरलास आणि तो स्पर्श माझ्यापर्यंत आलाच नाही. तेव्हा वाटलं, माणूस फार सुखात असला की असंच होत असेल.

आणि हो, तू स्वतःच्या अंगावर एकदा नीट बघून घे. कुठं फिकट चट्टा असला, तिथं स्पर्श कळत नसला, तर लाजू नकोस, लगेच दाखव. लवकर कळलं की काही बिघडत नाही. मला उशिरा कळलं, एवढंच.

वाशिमच्या मास्तरला हो म्हण, असं मी लिहिणार नाही. तेवढा मोठा माणूस मी नाही. त्याचं नाव ऐकून काल काही वाटलं नव्हतं, आज हे लिहिताना दोन पेन मोडलेत. पण किटलीसाठी त्याला नाही म्हणू नकोस. त्यात माझं काहीच गेलं नव्हतं. दुसरं काही कारण तुझ्यापाशी असलं तर ते घेऊन ये, नसलं तर संक्रांतीनंतर पाहुण्यांसमोर जा, मी ओम्यालाही निरोप विचारणार नाही. पुजाचं लग्न अजून व्हायचंय हे जाणूनही मी हा शब्द तुझ्या हातात देतोय, तेव्हा मी किती खरं बोलतोय ते समज. येणार असशील तर गुरुवारी ये, रूपाबाईच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत. किसनसिंग तपासतात तसं तू तपास. मी डोळे मिटीन, तू बॉलपेन टेकवायचं, तुला वाटेल तिथं, आणि मी दुसऱ्या हातानं ती जागा दाखवायची. यावेळी कळलं नाही तर नाही म्हणेन. फक्त करंगळीपासून सुरू करू नकोस. अंगठ्यापासून कर. तिथं अजून सगळं कळतं मला.

गुरुवारपर्यंत तरी तुझाच,
देवा