नव्वद मीटरवरचा मूस

सोमवार, ७ सप्टेंबर. पहाटे
आज मूसच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा पहिला दिवस. साठीला बायकोनं, मार्टानं, दिलेलं अंतर मोजायचं यंत्र खोक्यातच ठेवलंय. ते नजर नसलेल्यांसाठी. संकल्प: एकच गोळी, खांद्यामागे, थेट फुप्फुसात.

सोमवार, दुपार
दलदलीपलीकडे नर निघाला. नव्वद मीटर. गोळी झाडली. त्याची पाठ कमानीसारखी वाकली आणि तो रानात शिरला. पोटात लागलं की पाठ अशी वाकते. पण थंडीनंही वाकत असेल. धप्प आवाजही आला. झाड असणार. नव्वद पावलं मोजून रक्त शोधलं. नाही. केसही नाही. भर दलदलीत गुडघाभर पाण्यात कसा पोचलो, कळेना. टोळीप्रमुख सिक्स्टेनला रेडिओवर कळवलं, साफ चुकली. तो म्हणाला, नक्की ना होल्गर? नाहीतर मार्टाची टिल्डा लावू मागावर. म्हटलं, माझी नजर आहे बाबा ही, अंदाज नाही.

सोमवार, संध्याकाळ
जखमी जनावराचा माग काढण्यात टिल्डासारखी कुत्री तालुक्यात नाही, आणि ती माझ्याच स्वयंपाकघरात घोरतेय. एक वाक्य बोलायचा अवकाश. पण बायकोपुढे नाक कापून घ्यायचं? उद्या बघू.

मंगळवार
पाऊस. माग धुऊन गेला असणार, आता सांगून काय उपयोग! जेवताना मार्टा आपणहून म्हणाली, टिल्डा पावसातही माग काढते हं. मी काही विचारलं होतं का? तिनं पाल्ट केले होते, आत डुकराचं मांस भरलेले बटाट्याचे गोळे. दोन टिल्डाला घातले. लाच म्हणा.

बुधवार. पहाटे
पोटात गोळी लागलेलं जनावर किती हळू मरतं, हे शिकाऱ्याच्या परीक्षेत मी बरोबर लिहिलं होतं. लाज वाटते. मार्टाला उठवलं.

बुधवार, दुपार
मार्टा माझ्या सोमवारच्या मचाणावर चढली. नर उभा होता तिथलं झाड मी दाखवलं, ते तिनं यंत्रातून पाहिलं. दोनशे दहा. म्हणाली, अरे, मधे सगळं सपाट, नजरेला धरायला काही नाही, मग लांबचं जवळच दिसणार. नवशिक्यालाही कळतं रे हे! मी निम्म्या वाटेवरच रक्त शोधत बसलो होतो. त्या झाडापाशी टिल्डानं लगेच नाक खुपसलं.

रानात तो बसून उठल्याच्या जागा सापडत गेल्या. शेवटच्या जागी तो होता. जिवंत. मान उचलून त्यानं आमच्याकडे पाहिलं. मार्टानं रायफल माझ्या हातात दिली नाही. स्वतःच झाडली.

मार्टानं रेडिओवर जुन्या जखमेचा नर मिळाल्याचं कळवलं. सिक्स्टेननं विचारलं, आधीची गोळी कुणाची? मार्टानं रेडिओ माझ्यापुढे धरला. मी आधी वाऱ्याबद्दल बोललो. मग पावसाबद्दल. मग म्हणालो, माझी. सोमवारची.

सगळी टोळी ऐकत होती. सिक्स्टेन म्हणाला, बरं, धूड ओढायला ट्रॅक्टर पाठवतो. बस, एवढंच. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.