तेवीस चिंध्या

गुरुवार, १ फेब्रुवारी

कागद लावला. वाचनालयाच्या फलकावर, हरवलेलं मांजर आणि विकाऊ सायकल यांच्या मधोमध. ‘दर रविवारी सकाळी सात वाजता टेकडीवर फिरायला. वयाची अट नाही, फी नाही. अट एकच — वाटेत आपल्या आजारांची माहिती देऊ नये.’ सव्वीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांचे मजकूर तपासले, पहिल्यांदाच स्वतःचा लावला. एकही चूक नाही. दोनदा परत जाऊन पाहून आले.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. टेकडीशी मला काडीचं घेणंदेणं नाही. कारण आहे ताई. भावजी गेल्याला वर्ष होईल आणि ही बाई खिडकीपाशी बसून असते. ‘चल बाहेर’ म्हटलं की ‘तू जा, मी आहे बरी.’ म्हणून ही युक्ती. ‘मला मदत हवीय गं, एवढी माणसं मला एकटीला आवरणार नाहीत,’ असा सूर लावला तेव्हा कुठे हो म्हणाली. माणूस अजून एकही नाही, ते सोड! तिला यातलं काही कळता कामा नये.

माझं काय, मी मजेत आहे. छापखाना बंद झाल्यापासून दोन महिने विश्रांती चाललीय. कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जायची वेळ आली नाही. कशाला जायचं?

रविवार, ४ फेब्रुवारी

अकरा जण! दोन येतील म्हटलं होतं, त्यातली एक ताई. मजकुराला धार असली की माणसं येतात. छापखान्याच्या मालकाला हे कधी कळलं नाही, म्हणूनच कुलूप लागलं.

एकेक नग आहे. एक दंतवैद्य — पांढरेशुभ्र बूट, जणू टेकडीवर लग्न आहे. मी सगळ्यांना म्हटलं, ‘चढावर तोंड बंद ठेवा. डॉक्टर, तुम्हाला पटायचं नाही, तुमचं पोट उघड्या तोंडांवर चालतं.’ खो खो हसला! चष्मा काढून डोळे पुसले. समजदार माणूस.

दुसरी बँकेतली बाई, डोक्यावर ढगाचा ठिपका नाही आणि हातात छत्री. दर दहा मिनिटांनी मलाच विचारणार, ‘आता किती राहिलं हो?’ टेकडी काय मध्येच वाढणार आहे? तरी मी सांगितलं. अंतर, चढ, पुढचं वळण, वळणावरचं वाकडं झाड, सगळं. ऐकून घेते हे खरं.

तिसरे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाले ते शाळेतून, हेडमास्तरकीतून नव्हे. मी डावीकडे म्हटलं की हे उजवीकडे. ‘आपला मुद्दा तपासून घ्यावा लागेल, बाई.’ माझा मुद्दा! तपासून! अख्खा चढ मी भांडत चढले. दम लागलेला वर पोचल्यावर कळलं.

आणि ताई सगळ्यात मागे. दोनशे पावलं झाली की टेकायला दगड शोधते. मग मी थांबायचं, मागे वळून बघायचं. वर बसल्यावर तिने केळं सोललं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. मला भूक नव्हती, तरी खाल्लं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

गुडघे!! जिना पाठमोरी उतरले.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज एकटीच टेकडीवर जाऊन आले. मागच्या उतारावर वाटेला फाटे फुटतात आणि आपली मंडळी म्हणजे एक चुकला की मागचे सगळे माना खाली घालून त्याच्यामागे. जुना पिवळा पडदा फाडला. त्याच्या चिंध्या केल्या आणि प्रत्येक वळणावर फांदीला बांधल्या, डोळ्यांच्या उंचीवर. चिंधी दिसेल तिकडे वळायचं, इतकं सोपं. तेवीस लागल्या. हे काम वेळखाऊ आहे, पण झकास. प्रूफावर खुणा करत गेल्यासारखं वाटलं. घरी आले तर दुपार उलटून गेली होती, जेवायचं राहिलं होतं.

रविवार, ११ फेब्रुवारी

खाली उभं करून सगळ्यांना चिंध्यांचा नियम सांगितला. मास्तर नेमके तेव्हा बाजूला बुटाची नाडी बांधत होते आणि सूर्य या दिवसांत नक्की कुठून उगवतो यावर कुणाशी तरी हुज्जत घालत होते. नंतर सबंध वाट माझ्या कानाशी. चिंधी बघायला मान वर करतील तर शपथ!

दंतवैद्य आजही हसला. बूट मात्र आता पांढरे नाहीत.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

ताईचा फोन तासभर लागत नव्हता. लागला तेव्हा विचारलं, ‘कोणाशी एवढं गुलुगुलु?’ म्हणाली, ‘विम्याचं ऑफिस.’ संध्याकाळी सात वाजता विम्याचं ऑफिस! या माणसांनी हिला काहीतरी गळ्यात मारलं नाही म्हणजे मिळवली. लक्ष ठेवलं पाहिजे. भोळी आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी

छत्रीबाईला सर्दी, आली नाही. म्हटलं सुटले! तर दहा मिनिटांत मागून आमच्यातलीच एक शिंपीणबाई — ‘आता किती राहिलं हो?’ हा आजार संसर्गजन्य दिसतो. तिलाही सगळं सांगितलं. घसा बसला.

मास्तरांना आज टेकडीवरचा कचरा दिसू लागलाय. रिकाम्या बाटल्या, पिशव्या. ‘समाजाला शिस्त नाही, बाई!’ नाकाने कांदे सोलणं एरवी माझं खातं, आता तिथेही हे आले. पुढच्या वेळी हातमोजे आणि पोतं घेऊन येणार आहेत म्हणे. या, या.

ताईचा वेग आणखी कमी झालाय. आज नऊ दगड झाले. मी चिडून म्हटलं, ‘ताई, दगड मोजायला आलीयस का तू?’ ती नुसती हसली. तोंडावर उजेड आलाय तिच्या, हेही लिहायला हवं. युक्ती लागू पडली. एखादीला अशा वेळी गर्व झाला असता.

मला झालाय.

रविवार, २५ फेब्रुवारी

चूक माझी. आधी तेच लिहिते, नाहीतर पुढे मास्तरांना शिव्या घालण्यात ते राहून जाईल. सकाळी मास्तर हातमोजे, पोतं आणि लोखंडी चिमटा घेऊन हजर. कचऱ्यावर भाषण सुरू. मला आज दंतवैद्याला एक किस्सा सांगायचा होता, लांबलचक, छापखान्यातला. मास्तर मध्ये नकोत म्हणून मी गोड आवाजात म्हटलं, ‘सर, आज तुम्ही पुढे व्हा. नेतृत्व करा.’ झालं. छाती काढून निघाले. मी दंतवैद्याबरोबर मधे. आणि ताई, नेहमीसारखी, सगळ्यात मागे. आज मात्र मी थांबले नाही. किस्सा रंगात आला होता.

मागचा उतार संपल्यावर मोकळं मैदान आहे, तिथे पोचलो. मास्तर पोतं उघडून उभे. ‘बघा! केवढा हा निष्काळजीपणा! झाडांना चिंध्या बांधून ठेवतात लोक! तेवीस काढल्या मी!’

तेवीस. एकही सोडली नाही!

मी मागे वळले. छत्रीबाई आली, शिंपीणबाई आली. ताई नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. हाका मारल्या. ज्या फाट्यावर चिंधी हवी होती तिथपर्यंत धावत गेले, डावीकडे झुडपं, उजवीकडे झुडपं, सगळं सारखंच. पाचावर धारण बसली. तीन तास आम्ही अकरा जणी-जणं त्या टेकडीवर ‘ताई, ताई’ करत फिरत होतो. दंतवैद्य ओढ्यात उतरला, बुटांसकट. छत्रीबाईने छत्रीने झुडपं बाजूला केली, एकदाही ‘किती राहिलं’ विचारलं नाही. मास्तरांना मी सगळ्यांदेखत काय काय बोलले, ते इथेही लिहीत नाही. त्यांनी एकही मुद्दा काढला नाही. नुसते पोतं धरून उभे होते.

दोनशे पावलांवर दगड शोधणारी बाई! ती कुठे पडली असेल, कोण बघेल तिला — माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मीच तिला खिडकीतून उठवलं होतं.

शेवटी दंतवैद्य म्हणाला, पोलिसांत जाण्याआधी एकदा ताईंच्या घरी बघू. दार उघडं. ताई स्वयंपाकघरात चहा घेत होती! ‘अगं, चिंधी दिसेना, म्हटलं खालचा रस्ता लागेलच कुठेतरी. लागला. दोन तास चालले, बस मिळाली. तुम्हालाच एवढा उशीर?’ तो खालचा रस्ता म्हणजे सात किलोमीटर. ओबडधोबड. एकटीने, दोन तासांत!

मी आधी ओरडले. मग रडले. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

वाचनालयातला कागद काढला. बंद. हौस फिटली. सगळ्यांना तसं कळवलं. दंतवैद्याचा उलट फोन — ‘अहो, मग आता रविवारी हसायचं कुठे?’ म्हटलं, तुमच्याकडे आरसा असेलच.

एक मात्र समजत नाही. सात किलोमीटर दोन तासांत चालणारी बाई रविवारी नऊ दगडांवर बसते कशी?

गुरुवार, २९ फेब्रुवारी

दारात मास्तर. हातात पुडकं. ‘धुतल्यात. इस्त्रीही केलीय.’ तेवीस पिवळ्या चिंध्या, घड्या घालून, वर रबर लावून. इस्त्री! चिंध्यांना!

हसायचं होतं, जमलं नाही. ‘बसा’ म्हटलं. तासभर बसले. सूर्यावरून भांडलो.

शनिवार, २ मार्च

ताईकडे गेले होते, टेकडी बंद म्हणजे बंद हे ठणकावून सांगायला. ती आत चहा टाकत होती. फोनखालच्या खणात पेन शोधताना एक कागद सापडला. ताईचं अक्षर. तारीख २ फेब्रुवारी, मी वाचनालयात कागद लावला त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

वर लिहिलंय — ‘धाकटी दोन महिने घराबाहेर पडलेली नाही. सगळ्यांनी नक्की यायचं.’ खाली ओळीने —

दंतवैद्य : तिच्या विनोदांना हसणे.
बँकेतली : वाट विचारत राहणे. तिला सांगायला आवडतं. (न आल्यास शिंपीणबाई.)
मास्तर : वाद घालणे. त्यांना वेगळं सांगायला नको.
मी : सगळ्यात मागे, हळू. म्हणजे तिला कोणासाठी तरी थांबावं लागेल.

प्रत्येक रविवारच्या पुढे बरोबरची खूण. चारही.

आतून ताईचा आवाज, ‘मिळालं का गं पेन?’

कागद होता तसा ठेवला. खण लावला. ‘नाही मिळालं,’ म्हटलं.

‘मग, टेकडी बंदच का?’

‘बंद कशी करणार? तू एवढी हळू चालतेस,’ मी म्हटलं, ‘तुझ्यासाठी कोणी थांबायला नको?’