तीन ट्रम्पेटं आणि तुरीची डाळ

।। श्री ।।

नागरवाडा, बडोदे
ता. ९ ऑक्टोबर १९९५

ती. बळवंतदादास मंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी सून मृदुला इथे बडोद्याला माहेरी येताना तू पुण्याच्या दुकानातून पसंतीला पाठवलेली दोन्ही ट्रम्पेटं घेऊन आली, एक मेरठचं, एक जपानी. पोरीला आधी जेवू घातलं, मग पेट्या उघडल्या. मला त्यातलं कळत नाही, पण खंडेराव मार्केटजवळ पितळेचा डबा घेताना बघते तशी चाचपून बघितली. मेरठच्याला जोडावर डाग दिल्याची गुठळी हाताला लागते, बटणं खटखट करतात. जपानीचा जोड नखाने शोधूनही सापडत नाही.

आमच्या ह्यांना कुठलंही चालेल, फक्त जुनं नको. वरचा सूर फुटतो तो म्हणे जुन्यामुळे. वैशाखात पुढचे चार दात काढून कवळी बसवली, पण तिचं नाव काढलं की अंगावर येतात. बँडमालक धनाजीरावांनी सांगून टाकलंय, देवदिवाळीनंतर लग्नाच्या वरघोड्यात, म्हणजे आपल्या वरातीत, सूर फुटला तर पुढे बँडातला तरणा अनुज चालेल. सव्वीस वर्षं हे पुढे चालले, दादा. दुकानदाराला एक परत द्यायचंय, तर कुठलं ठेवू ते लवकर लिही. गोड गोड लिहू नकोस.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी मंदा

पुणे, ता. १७ ऑक्टोबर

चि. सौ. मंदास अ. उ. आ.

पलटणीच्या बँडात आम्ही वाद्य निवडायचो तसं कर. संपतरावांना तिन्ही वाजवायला लाव, जुनंही. रोज एकच, ठरल्या वेळी. तू त्यांच्याकडे पाठ करून बस. आवाज कसा, हळू फुंकल्यावर लगेच बोलतं की अडखळतं, आणि वरच्या सुरावर किती वेळ टिकतं, एवढंच कळव. तुला संगीत कळत नाही हे बरंच आहे.

इकडे सर्व क्षेम. माया असू दे.

तुझा दादा

बडोदे, ता. २९ ऑक्टोबर

ती. दादास मंदाचा शि. सा. न.

घड्याळाकडे बघत बसायला मला वेळ नाही. हे वाजवायला लागले की मी तुरीच्या डाळीचा कुकर चढवायची आणि शिट्या मोजायची. जपानी गोड, कानाला टोचत नाही, फुंकर लागली की लगेच बोलतं. मेरठचं घोगरं, पण पार नाक्यापर्यंत जातं. जुनं उशिरा उठतं, पण उठलं की घर भरतं. शेजारच्या निरुपमाबेन विचारून गेल्या, कोनां लगन छे, लग्न कुणाचं म्हणून.

पण तिन्ही दिवस वरचा सूर चौथ्या शिटीला फुटला. जपानीचासुद्धा. मी तसं सांगितलं तर म्हणाले, कुकरच बिघडलाय. तू आधीच ओळखलं होतंस ना? मग मला तीन दिवस भिंतीकडे तोंड करून का बसवलंस?

रागावले आहे, तरी लोभ ठेव.

मंदा

पुणे, ता. ४ नोव्हेंबर

चि. सौ. मंदास अ. उ. आ.

होय, ओळखलं होतं. ज्येष्ठात तुमच्याकडच्या लग्नात त्यांना सारखं रुमालाने ओठ टिपताना बघितलं. पण मी सांगितलं असतं तर मेव्हणा शहाणपणा शिकवतो म्हणाले असते. कवळी आली की ट्रम्पेटच्या तोंडाची लहानशी वाटी ओठांना झेपत नाही. माझंही तेच झालं. शेवटची सात वर्षं मी युफोनियम वाजवलं, मोठ्या वाटीचं, जाड आवाजाचं. ते वाजवणारा मागच्या रांगेत असतो, हे लपवत नाही. धनाजीरावांकडे एक धूळ खात पडलंय. हे पत्र संपतरावांना दे. तू बोलू नकोस. तुझं बोलणं मला ठाऊक आहे.

दोघं जपून राहा.

दादा

बडोदे, ता. २१ नोव्हेंबर

ती. दादास मंदाचा शि. सा. न.

ह्यांना पत्र दिलं. दोन दिवस खिशात घेऊन फिरले. मी बोलले नाही, म्हणजे एकदाच बोलले, की पुढे चालून फुटका सूर काढायचा का मागे चालून धड, ते तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन ते मोठं धूड घरी घेऊन आले.

काल इथे गोरव्यात वरघोडा होता. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. पुढे अनुज, हे मागे, दोन तास, सूर न सोडता. मी चपलेतला खडा काढायचं सोंग करून खाली बघत होते.

घरी येऊन म्हणाले, मागून सगळा बँड ऐकू येतो, अनुज घाई करतो, त्याला शिकवायला हवं. मेरठचं परत पाठवते. जपानी अनुजसाठी ठेवून घ्या, असं धनाजीरावांना ह्यांनीच सांगितलं. पुढे चालणाऱ्याच्या हातात चांगलं असावं म्हणाले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी मंदा